पाटी आणि पांथस्थ

श्रोतेहो, ज्या 'आकाशवाणी'वरून मी आपल्याशी बोलत आहे, तिचे हे नाव मूळचे म्हैसूरचे आहे. १९३५ साली म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक लहानसे ध्वनिक्षेपण केंद्र उभारले. त्याची शक्ती अवघी ३० वॅट. त्या चिमुकल्या केंद्राला 'आकाशवाणी' हे नाव लाभले आणि पुढे ते साऱ्या देशाच्या नभोवाणीने आपलेसे केले. इंग्रजीतला 'ब्रॉडकास्ट' हा शब्द मुळात शेतकऱ्याचा. मुठीत बी घेऊन ते रानभर विखरून टाकणे, हा त्याचा पहिला अर्थ. त्याचे शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करायला कोणी बसला असता, तर आपण आज 'बीजविखुरण केंद्रा'चे श्रोते ठरलो असतो! परंतु नाव देणाऱ्याने शब्दाकडे पाहिले नाही. बोलणारा दिसत नाही आणि वाणी मात्र कानी पडते, या अनुभवाकडे पाहिले. कंसाने ऐकलेली आकाशवाणी आपल्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणून हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

भाषांतराची ही गोष्ट मला आठवण्याचे कारण असे की, काही महिन्यांपूर्वी शब्दावलीच्या एका कामासाठी मला म्हैसूरला जावे लागले. भारतीय भाषांचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची संस्था १९६९ पासून याच नगरीत आहे. दिवसभर कागदावरच्या शब्दांशी झटापट करावी आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडावे, असा माझा क्रम होता. पण शब्दांची खोड एकदा जडली की सुटत नाही. रस्त्यावर पाऊल टाकले की प्रत्येक पाटी मला थांबवू लागली. कानडी, हिंदी, इंग्रजी अशा तीन तीन भाषांतल्या त्या पाट्या. एकच गोष्ट तिघींनी सांगायची आणि तिघींनी मात्र आपापल्या स्वभावाप्रमाणे सांगायची, असा तो प्रकार होता.

एका रविवारी मी राजवाडा पाहावयास गेलो. आत शिरण्यापूर्वी पादत्राणे काढून ठेवावी लागतात. तेथे माझ्या पुढे एक जपानी बाई उभ्या होत्या. म्हैसूरच्या गोकुलम भागात योगाभ्यासासाठी देशोदेशींचे लोक येऊन राहतात, त्यांपैकीच त्या एक. आपल्या देशी त्या शाळेत इंग्रजी शिकवीत. मी पाटी वाचीत आहे हे पाहून त्यांनी कानडी शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितले, "पादरक्षे, म्हणजे पायाचे रक्षण करणारे. आमच्या मराठीतही पादत्राण म्हणतात, अर्थ तोच." त्या क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे अशा ठिकाणी 'दोसोकु' मना असल्याची पाटी असते. 'दो' म्हणजे माती, 'सोकु' म्हणजे पाय."

मला मोठी मौज वाटली. चप्पल दाराशी काढण्याची चाल आपली आणि त्यांची एकच. पण त्याच वस्तूकडे आपण पायाच्या बाजूने पाहतो, आणि जपानी माणूस घराच्या बाजूने पाहतो. आपली पाटी म्हणते, पायाचा रक्षक बाहेर ठेवा. त्यांची पाटी म्हणते, मातीचे पाय आत आणू नका. या दोहोंमध्ये इंग्रजीतला 'फूटवेअर' हा शब्द उभा. पायात घालावयाची वस्तू, एवढेच तो सांगतो. रक्षणही नाही आणि मातीही नाही. आणि तरीसुद्धा त्या दारात आम्ही दोघे एकमेकांशी बोललो ते इंग्रजीतूनच, हेही विसरून चालणार नाही. परक्या दोघांना जोडणारी भाषा बहुधा अशीच थोडी फिकी असते. फिकी असते म्हणूनच ती दोघांना चालते.

बाहेर पडल्यावर आमचे बोलणे गावांच्या आणि रस्त्यांच्या नावांवर आले. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील १२ शहरांची इंग्रजी नावे बदलली गेली, तेव्हा 'मायसोर'चे 'मैसूरु' झाले. आपण मराठी माणसे मात्र पूर्वीपासून 'म्हैसूर' म्हणत आलो, आणि या नावात महिषासुराची म्हैस आपण निष्ठेने सांभाळून ठेवली आहे. चामुंडी डोंगरावर महिषासुराचा रंगवलेला भव्य पुतळा उभा आहे; तो पाहताना मराठी माणसाला गावाचे नाव कोणी फोड करून सांगावे लागत नाही. कानडीत डोंगराला 'बेट्ट' म्हणतात. 'चामुंडी बेट्ट' हे शब्द कानी पडले की नवखा मराठी प्रवासी भोवती पाणी कोठे दिसते का ते पाहू लागतो!

त्याच डोंगराच्या पायथ्याशी 'कारंजी केरे' नावाचे सुंदर तळे आहे. 'केरे' म्हणजे तळे आणि 'कारंजी' म्हणजे आपले कारंजे. परंतु इंग्रजी लिपीला आपले ऱ्हस्व-दीर्घ सांभाळता येत नाहीत. त्या अक्षरांत लिहिलेले नाव मराठी डोळ्यांनी वाचले की कारंजे आटते आणि तेथे करंजी उरते. मी स्वतः पहिल्या दिवशी 'करंज्यांचे तळे' असे वाचले, आणि ज्या गावाच्या नावाने म्हैसूरपाक ओळखला जातो तेथे असेही तळे असेल, अशी मनाची समजूत घातली.

गावातला मुख्य बाजाराचा रस्ता आपल्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नावाचा आहे. पण त्याचे इंग्रजी लेखन करताना एका 'वाय'च्या जागी दोन आले आहेत, आणि महाराज तेथे 'सय्याजी राव' झाले आहेत. दसऱ्याची मिरवणूक याच रस्त्याने जाते. राजवाड्याजवळ १९२७ साली कृष्णराज वडियार यांच्या राज्यकारभाराच्या रौप्यमहोत्सवानिमित्त उभारलेला घड्याळाचा मनोरा आहे. त्याचे इंग्रजी नाव चांगले लांबलचक आहे. पण रिक्षावाल्याला ते सांगून पाहा. तो आपल्या तोंडाकडे पाहत राहील. 'दोड्ड गडियार' म्हणा, की रिक्षा सुरू. दोड्ड म्हणजे मोठे, आणि गडियार म्हणजे आपले घड्याळच.

जपानी बाईंनी यावर आपल्या राजधानीतली हकीकत सांगितली. तोक्योमध्ये संसदभवनाच्या आसपास रस्त्यांवरच्या पाट्यांत रोमन अक्षरांनी 'कोक्काइ' असे लिहिलेले असे. जपानी माणसाला त्या अक्षरांची गरज नाही, आणि परदेशी माणसाला 'कोक्काइ' म्हणजे संसद हे ठाऊक नाही. म्हणजे ती अक्षरे नेमकी कोणासाठी होती, हे कोणालाच सांगता येईना. २०१३ साली त्या पाट्या बदलून तेथे इंग्रजीत 'द नॅशनल डाएट' असे लिहिण्यात आले. जपानच्या संसदेला इंग्रजीत 'डाएट' म्हणतात खरे, पण तोच शब्द पथ्याच्या जेवणासाठीही आहे. तेव्हा हे राष्ट्रीय पथ्यालय असावे, असे एखाद्या प्रवाशाला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

नद्यांची अडचण त्याहून न्यारी. 'आराकावा' या नावात 'कावा' म्हणजे नदी. पण शेवटचा 'कावा' काढून नुसते 'आरा रिव्हर' लिहिले, तर ते नाव तेथल्या एकाही माणसाला कळणार नाही. म्हणून जपानच्या भूमापन खात्याने २०१६ साली जे नियम केले, त्यांत अशा नावांना संपूर्ण ठेवून पुढे आणखी 'रिव्हर' जोडावे असे ठरविले. अर्थाने पाहता 'आरानदी नदी' झाली. हसावेसे वाटते खरे. पण मग आपल्या 'सिंहगड किल्ल्या'चे काय? गड म्हणजे किल्लाच की! तरी आपण ते बिनदिक्कत लिहितो, कारण 'सिंह किल्ला कोणीकडे' असे विचारणाऱ्याला पुण्यात कोणी वाट दाखवणार नाही.

या साऱ्यातून मला एक साधा नियम सापडल्यासारखे वाटले. पाटीवरच्या ज्या शब्दाने वाटसरूला दुसऱ्या माणसाला विचारावयाचे आहे, तो शब्द तेथल्या लोकांच्या तोंडी जसा असेल तसाच ठेवावा. ज्या शब्दावरून वाटसरूने स्वतः काही करावयाचे आहे, तो मात्र त्याच्या भाषेत पुरतेपणी आणावा. घड्याळाचा मनोरा 'दोड्ड गडियार'च राहू द्या. पण 'पुढे रस्ता खचला आहे' हे त्याला कळेल अशाच शब्दांत सांगा.

आता, 'करावयाचे' सांगणे सोपे. 'करू नका' हे सांगणे फार नाजूक. येथे प्रत्येक भाषेचा स्वभाव उघडा पडतो. इंग्रजी पाटी हुकूम देते: फुले तोडू नका. जपानी पाटी पुष्कळदा नकार उच्चारीतच नाही. धूम्रपान मना असेल तेथे 'गोएन्र्यो कुदासाइ' असे लिहिलेले आढळते. 'एन्र्यो' म्हणजे भीड, संकोच. आपल्या बोलीत सांगावयाचे तर, 'धूम्रपानाबाबत कृपया भीड बाळगावी.' हे जसेच्या तसे इंग्रजीत उतरवले, तर परदेशी पाहुण्याला वाटेल की थोडी भीड बाळगून, एका कोपऱ्यात, विडी ओढायला हरकत नसावी! म्हणून तेथे इंग्रजीत सरळ मनाई लिहावी लागते, आणि तसे लिहिले की जपानी माणसाला ती उद्धट वाटते. दोन्ही पाट्या एकाच फळ्यावर, एक भिडस्त आणि एक फटकळ.

आपली मराठी येथे कोणत्या बाजूला आहे? 'फुले तोडू नयेत.' यात 'तू' नाही, 'तुम्ही' नाही आणि हुकूम देणाराही कोणी नाही. 'नये' म्हणजे 'न ये', येत नाही. तोडणे हे येथे येत नाही, बसत नाही, शोभत नाही. म्हैसूरच्या बागेत हिंडताना मी सोबतच्या कानडी स्नेह्याला विचारले की, हेच कानडीत कसे सांगाल? ते म्हणाले, 'हूगळन्नु कीळबारदु.' मी त्यातल्या 'बारदु'ची फोड विचारली. 'बरु' म्हणजे येणे; त्याचे नकारी रूप 'बारदु', म्हणजे येत नाही! मी त्या बागेत थबकलो. दोन भाषांची कुळे वेगळी, एक संस्कृताच्या वंशातली तर दुसरी द्राविड. पण शतकानुशतके शेजारी राहून दोघी शेजारणींनी मुलांना 'हे करू नये' असे शिकवण्याची एकच रीत उचलली. सीमेवरच्या पाट्यांच्या भांडणात कोणत्या भाषेची ओळ वर असावी यावर आपण पुष्कळ बोलतो. त्या दोन ओळींच्या आतली घडण एकच आहे, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

श्रोतेहो, येथवर सारे मौजेचे झाले. चुकलेल्या भाषांतरांवर हसणे सोपे आहे. २०१९ साली जपानमधील ओसाका शहराच्या भुयारी रेल्वेच्या इंग्रजी संकेतस्थळावर 'साकाइसुजी' या मार्गाचे भाषांतर यंत्राने 'साकाई स्नायू' असे करून ठेवले होते. जपानीत 'सुजी' म्हणजे स्नायू, आणि ओळ किंवा सरळ रस्ताही. यंत्राने पहिला अर्थ उचलला आणि सारे जग हसले. मीही हसलो. पण त्या हसण्यात मला एक जुना सल आठवला, आणि तो सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी मी महाराष्ट्राच्या सीमेवरच्या एका जिल्ह्यात नोकरीस होतो. तेथल्या एका सरकारी रुग्णालयाची इमारत नवी झाली होती आणि पाट्यांची यादी मंजुरीसाठी माझ्या टेबलावर आली. इंग्रजी शब्दांसमोर त्यांचे मराठी प्रतिशब्द. मी शुद्धलेखन तपासले, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि सही केली. त्या यादीत 'आउट-पेशंट'समोर 'बाह्यरुग्ण विभाग' होते आणि 'इन-पेशंट'समोर 'आंतररुग्ण विभाग' होते. शब्द कोशातले, निर्दोष. आपल्या प्रत्येक इस्पितळात हेच असतात.

पुढे एके दिवशी काही कामासाठी मी तेथे गेलो. दुपारचा एक वाजून गेला होता आणि तपासणीच्या खोल्या बंद होत होत्या. 'आंतररुग्ण विभाग' असे लिहिलेल्या दारापाशी एक म्हातारी बसली होती. मांडीवर सात-आठ वर्षांचा नातू, तापाने निपचित. मी विचारले, "आजी, डॉक्टरांना दाखवलंत का?" ती म्हणाली, "सकाळधरनं बसलोय की वं सायेब. दार उघडंना झालंय."

मी म्हटले, "पण तपासणी पलीकडच्या दारात होते. तिथं पाटी आहे ना?"

"हाय की, वाचली म्या," ती म्हणाली. "भाईरच्यांचं दार हाय ते. आमी हितलीच हाय."

तिला वाचता येत होते, ही यातली खरी गोष्ट आहे. अक्षर न येणाऱ्या माणसाने कोणाला तरी विचारले असते आणि योग्य दारात गेला असता. हिने पाटी वाचली, तिच्यावर विश्वास ठेवला, आणि म्हणूनच ती चुकली. सीमेवरच्या गावात 'बाहेरचे' आणि 'इथले' या शब्दांना काय धार असते, हे मला ठाऊक असावयास हवे होते. मुलाला लगेच आत नेले आणि तो बरा झाला. पण त्या मुलाचे तापातले पाच तास मी दुरुस्त केलेल्या वेलांट्यांखाली गेले होते. ती पाटी कोणी अडाण्याने लिहिली नव्हती. एम. ए. झालेल्या अधिकाऱ्याने तपासून मंजूर केली होती.

ही हकीकत मी म्हैसूरला त्या जपानी बाईंना सांगितली. त्या मूळच्या कोबे शहराच्या. त्यांनी सांगितले, "आमच्याकडे हे आम्ही भूकंपात शिकलो." १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे आणि भोवतालच्या प्रदेशात झालेल्या भूकंपात ६,४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या शहरात परदेशी माणसे पुष्कळ होती. सूचना दिल्या जात होत्या त्या बहुतेक जपानीत, काही इंग्रजीत. आणि कित्येकांना यांतली एकही भाषा नीट येत नव्हती. त्यानंतर हिरोसाकी विद्यापीठातल्या भाषाभ्यासकांनी विचार केला की, ऐन संकटात प्रत्येकाच्या भाषेत भाषांतर होणे शक्य नाही. मग आपली जपानीच सोपी का करू नये? त्यातून 'यासाशी निहोंगो', म्हणजे सोपी जपानी, ही चळवळ निघाली. 'हिनानजो' हा आश्रयस्थानासाठीचा भारदस्त शब्द. त्याच्याजागी 'पळून जाण्याची जागा'. 'नंतरचा धक्का' यासाठीच्या शास्त्रीय शब्दाऐवजी 'मागून येणारा भूकंप'. परक्यासाठी केलेली ही सोय लहान मुलांच्या आणि वृद्धांच्याही कामी येते.

यावर कोणी विचारील, मग नवे शब्द घडवायचेच नाहीत काय? माझे म्हणणे तसे नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हापासून राज्यकारभाराला आपले शब्द देण्याची परंपरा आपल्याकडे आहे. सावरकरांनी दिलेले 'दिनांक', 'महापौर' हे शब्द एकेकाळी चेष्टेचा विषय झाले; आज ते नवे होते हेसुद्धा कोणाच्या ध्यानात नाही. भाषा असे शब्द पचवते. पण त्याला वेळ लागतो, आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्याजवळ किंवा अर्ज भरणाऱ्याजवळ तो वेळ असतो. तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाजवळ तो नसतो. शब्द रुळायचा असेल तर तो अन्यत्र रुळावा. त्या दारावर मात्र 'डॉक्टर येथे तपासतात' एवढेच लिहिलेले असावे.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. पाट्यांची यादी टेबलावर आली की मी ती मूळ इंग्रजीशी ताडून पाहत नाही. कार्यालयाच्या बाहेर काही ना काही कामासाठी खेडोपाड्यातली माणसे बसलेली असतात. त्यांच्यातल्या एखाद्याला मी आत बोलावतो, पाटीवरची ओळ दाखवतो आणि विचारतो, "हे वाचून तुम्ही कुठे जाल? काय कराल?" त्याचे उत्तर बरोबर आले तर सही. चुकले तर चूक त्याची नव्हे, ओळीची. यात फार तर पंधरा मिनिटे जातात. आजवर निदान एक तरी ओळ बदलली नाही, असा प्रसंग मला आठवत नाही.

म्हैसूर सोडताना मी स्थानकावर गाडीची वाट पाहत उभा होतो. फलकावर गावाचे नाव तीन लिप्यांत होते. माझ्या शेजारी एक कुटुंब उभे होते, त्यातल्या लहान मुलीने बापाला विचारले, "एकच नाव तीनदा का लिहिलंय?" शब्द मराठी ऐकून मी वळून पाहिले. बाप म्हणाला, "कुणी कुठूनही आला तरी त्याला कळावं म्हणून."

गाडी आली, आणि मी डब्यात चढताना माझ्याही नकळत दारावरची सूचना वाचू लागलो.